जिना उतरताना वाटी दुखते: आधी ताणायचं की आधी ताकद?

पायरीपायरीने
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चाळिशीला टेकले आहे, हिंजवडीत बैठी नोकरी, घर सहकारनगरात. सकाळी पर्वती चढायचा नेम आहे. चढताना तक्रार नाही, उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. नेमकं कुठे ते एका बोटाने दाखवता येत नाही, अख्खा तळहात ठेवावा लागतो. ऑफिसहून परतताना बसमध्ये गुडघा दुमडून बसलं की वाकडच्या पुलापर्यंत ठसठस सुरू. पाय समोरच्या सीटखाली लांब केला की बरं वाटतं. उकिडवं बसणं जवळपास बंद आहे. सूज नाही, गुडघा अडकत नाही, कुठे पडले-धडपडले नाही.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातलं दुखणं आहे, घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा. इथपर्यंत ठीक. पुढे गोंधळ. एका फिजिओंनी सांगितलं की मांडी पुढून आखडली आहे, रोज स्ट्रेचिंग करा. जिममधला ट्रेनर म्हणतो, स्ट्रेचिंग अजिबात नको, तुमचा व्हीएमओ (वाटीच्या वर आतल्या बाजूचा मांडीचा स्नायू) झोपलाय, त्याला जागं करा, ताणलात तर आणखी ढिला पडेल.

दोघांपैकी कोणाचं ऐकायचं? स्ट्रेचिंगने स्नायू जागा होतो की झोपतो? आणि मांडी खरंच आखडली आहे का हे घरी बघता येतं का?

नारायणपेठी
सोमवार, रात्री ११.०५

पर्वतीला पायऱ्या १०३. नानासाहेब पेशव्यांनी लिफ्ट बसवली नाही यात त्यांचा काही हेतू असेलच. आमच्या काळी गुडघा दुखला की महानारायण तेल आणि वाळूचा शेक, दोन आठवड्यांत माणूस पुन्हा मंडईत पिशव्या घेऊन हजर. व्हीएमओ हा शब्द आमच्या मांडीत नव्हता.

वेताळटेकडीवाला
मंगळवार, सकाळी ६.१५

काका, नव्हता कसा, होता. त्याला बोलवायला कोणी आलं नव्हतं इतकंच.

ताई, मी धावणारा माणूस, एआरएआयच्या बाजूने रोज टेकडीवर असतो. माझा अनुभव सांगतो. स्ट्रेचिंग बंद करा. धावण्याआधी मांडी ताणून धरली की ताकद कमी होते हे सिद्ध झालं आहे. गुडघा बळकट करायचा असेल तर वजन उचला. बाकी सगळा टाइमपास.

पट्टा_वीट_लोड
मंगळवार, सकाळी ८.५०

'सिद्ध झालं आहे' म्हणून हात झटकणं सोपं असतं. मॉडेल कॉलनीतल्या रमामणी अय्यंगार योग संस्थेचं काम १९७५ पासून चालू आहे आणि तिथल्या पद्धतीत वीरासन (गुडघे दुमडून दोन टाचांच्या मध्ये बसणं) हे मांडीच्या पुढच्या भागासाठीच करवून घेतात. बूड जमिनीला टेकत नसेल तर खाली वीट किंवा लोड देतात, गुडघ्याच्या मागच्या घडीत कापडाची गुंडाळी घालतात. कोणी दाबून बसवत नाही. आखडलेल्या मांडीवर ताकदीचे व्यायाम चढवणं मला पटत नाही.

पोटरी_ते_खुबा
मंगळवार, दुपारी २.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कर्वे रस्त्याच्या आसपास प्रॅक्टिस करते. दोन पेशंटच्या मधल्या वेळात लिहिते आहे, तेव्हा तुकड्यातुकड्यांत येईल. ताईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं 'अशा दुखण्यात साधारण काय होतं' या पातळीवरचं.

आधी वर्णनाबद्दल. उतरताना दुखणं, दुमडून बसल्यावर ठसठस, उकिडवं बसता न येणं आणि बोटाऐवजी तळहात ठेवावा लागणं. वाटीच्या सांध्याच्या दुखण्याचं चित्र असंच असतं. बराच वेळ बसून दुखण्याला तर आमच्या पुस्तकात सिनेमा थिएटरच्या नावाने खूण आहे.

पायऱ्या आणि बैठका यांनीच का दुखतं, तर वाटीवर येणारा दाब तिथे चढतो. १९७२ मध्ये रायली आणि मार्टेन्स यांनी काढलेले आकडे अजून शिकवले जातात: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा दाब, जिन्यावर ३.३ पट, खोल बैठकीत ७.८ पट. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, म्हणून तिथे तक्रार जास्त.

आता आखडण्याचं. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी एक, रेक्टस फेमोरिस, खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. तो आखूड असेल तर गुडघा वाकताना वाटी खोबणीत जास्त दाबली जाते. मागचा हॅमस्ट्रिंग आखडला असेल तर गुडघा सरळ करताना पुढच्या स्नायूला त्याच्याशी झगडावं लागतं. पोटरी आखडली असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही, मग पाऊल आत पडतं आणि मागोमाग गुडघाही आत जातो. म्हणजे पहिल्या फिजिओंनी सांगितलं त्यात तथ्य आहे. बेल्जियममध्ये शारीरिक शिक्षणाच्या २८२ विद्यार्थ्यांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं, २००० साली तो अभ्यास छापून आला. त्यातल्या २४ जणांना हे दुखणं लागलं. सुरुवातीलाच ज्यांची पुढची मांडी आखूड होती ते त्यात जास्त होते. आणि ज्यांचा व्हीएमओ उशिरा चेततो, म्हणजे उशिरा कामाला लागतो, तेही.

थोडक्यात दोघांचंही अर्धं बरोबर. पेशंट आला, संध्याकाळी पुढचं लिहिते.

आकडेमोड
मंगळवार, दुपारी ३.४५

व्हीएमओ उशिरा चेततो म्हणजे किती उशिरा? माझ्या माहितीप्रमाणे हा सगळा मामला मिलिसेकंदांचा आहे. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून मोजतात आणि निरोगी माणसांतही कित्येकांचा उशीर दिसतो. मग ट्रेनरने नुसतं बघून 'झोपलाय' कसं ठरवलं?

ढोलवाली_कसबा
मंगळवार, संध्याकाळी ५.२०

मी पण याच होडीत. पथकात ढोल वाजवते. नदीपात्रात सराव सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच वाटीभोवती दुखायला लागतं. ढोल कमरेला बांधला की आपण मागे झुकतो, गुडघे मागे ताठ होतात, नाहीतर सतत अर्धवट वाकलेले राहतात. सरावाआधी आमचे ताशावाले दादा सगळ्यांना एक पाय मागे धरून उभं करतात. निम्म्या पोरी लंगडी घालत एकमेकींना धरतात आणि हसतात. त्याने काही होतं का?

पोटरी_ते_खुबा
मंगळवार, रात्री ९.१५

आकडेमोड, बरोबर. नुसतं बघून कोणीच ठरवू शकत नाही. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोवान आणि सहकाऱ्यांनी जिना चढताना-उतरताना मोजलं, तेव्हा दुखणाऱ्यांच्या गटात बाहेरचा स्नायू आधी आणि आतला व्हीएमओ नंतर चेतत होता, निरोगी गटात दोघं बरोबरीने. पुढच्या अभ्यासांत मात्र ही गोष्ट सगळ्या पेशंटमध्ये दिसली नाही. काहींत उशीर आहे, काहींत नाही. आणि ट्रेनर लोकांच्या आवडीचा जो भाग आहे, दोन गुडघ्यांत चेंडू दाबून 'फक्त व्हीएमओ'चा व्यायाम, तसा एकट्या व्हीएमओला वेगळा काढणारा व्यायाम अजून कोणाला सापडलेला नाही. चारही भाऊ एका मज्जातंतूवर चालतात, एकाला हाक मारली की चौघं येतात.

स्नायू खरोखर मंदावतो ती परिस्थिती वेगळी: गुडघ्यात पाणी होतं तेव्हा. १९८४ मध्ये स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी निरोगी गुडघ्यांत सलाइन सोडून बघितलं. २० ते ३० मिलिलिटरला आतला स्नायू मंदावला, बाहेरचा आणि रेक्टस फेमोरिस मंदावायला ५० ते ६० लागले. म्हणजे पोह्याच्या चमच्याने चार-सहा चमचे पाणी पुरे. म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर बैठका मारू नयेत, आधी सूज उतरवावी. ताईंना सूज नाही, हे चांगलं.

वेताळटेकडीवाले, तुमचा मुद्दा अर्धाच खरा आहे. ताण धरून ठेवल्यावर लगेच ताकद कमी होते, पण मुख्यतः मिनिटभराहून जास्त धरला तर. अर्ध्या मिनिटाच्या ताणाने होणारा फरक नगण्य असतो, आणि पुढे हालचालीचा वॉर्मअप केलात तर तोही जातो. 'स्ट्रेचिंगने स्नायू ढिला पडतो' याला आधार नाही.

आता मूळ प्रश्न, स्ट्रेचिंगने स्नायू जागा होतो का. कोणतं स्ट्रेचिंग, यावर आहे. एक धरून ठेवायचं, दुसरं हलतं: पाय ताणाच्या टोकापर्यंत स्वतःच्या ताकदीने न्यायचा, क्षणभर थांबायचं, परत आणायचा. २०२१ मध्ये कोरियातल्या एका गटाने नेमक्या अशाच पेशंटवर दोन्हींची तुलना केली. वाटी दुखणारे आणि हॅमस्ट्रिंग आखडलेले लोक. ताकदीचे व्यायाम सगळ्यांना, फक्त ताणण्याची पद्धत वेगळी. लवचिकता आणि ताकद दोन्हीकडे सारखीच वाढली. स्नायू चेतायला लागणारा वेळ आणि दुखण्याचं प्रमाण मात्र हलता ताण देणाऱ्यांत जास्त सुधारलं. पुढची मांडी आखडलेल्यांवरही त्याच गटाने तसंच केलं, तिथे मात्र दोन पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहेत आणि आखडलेल्यांवरच केलेले आहेत. ज्याची मांडी मुळात मोकळी आहे त्याने हे वाचून ताणत बसू नये.

असं का होत असावं? हलत्या ताणात टाच मागे नेताना मागचा स्नायू आवळावा लागतो, त्यामुळे पुढच्याला सैल होण्याचा इशारा मिळतो, आणि दोघांना आळीपाळीने कामाला लागायची सवय होते. जिन्यावर हेच तर लागतं.

ढोलवाली, तुमच्या दादांचा एक पाय धरून उभं राहण्याचा प्रकार सरावानंतर करा. आधी हलता.

पायरीपायरीने
मंगळवार, रात्री १०.३०

खूप आभार. आखडलं आहे का ते घरी कसं बघायचं तेवढं राहिलं. आणि एमआरआय करावा का? सासरच्या एका नातेवाइकांच्या रिपोर्टात 'कॉन्ड्रोमलेशिया ग्रेड दोन' (वाटीची कूर्चा मऊ पडणं) आल्यापासून ते जिनाच चढत नाहीत. माझाही गुडघा वाकवताना कटकट वाजतो.

नारायणपेठी
मंगळवार, रात्री १०.४८

माझेही वाजतात. शनिवारात राहणाऱ्या मेहुण्यांना फोनवर ऐकू जातात. दुखत नाहीत.

पोटरी_ते_खुबा
बुधवार, सकाळी ७.००

काकांनी माझं काम केलं. आवाज ही झिजेची खूण नाही, न दुखणारे कितीतरी गुडघे वाजतात. आणि एमआरआयमध्ये वाटीच्या कूर्चेचा मऊपणा न दुखणाऱ्यांतही दिसतो. या दुखण्याचं निदान ऐकून आणि तपासून होतं, त्यातली सर्वात उपयोगी चाचणी म्हणजे बैठक मारताना दुखतं का. तुमच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला नाही ते योग्यच केलं. रिपोर्ट वाचून जिना सोडला की मांडी आणखी बारीक होते आणि दुखणं वाढतं. नातेवाइकांना सांगा.

घरची तपासणी. पालथं झोपा, गादीवर नको, चटईवर. दुसऱ्या कोणीतरी एक गुडघा वाकवून टाच हळूहळू कुल्ल्याकडे आणायची. बघायचं काय, तर टाच किती जवळ येते त्याबरोबर त्या बाजूचा खुबा जमिनीवरून उचलला जातो का. खुबा उठला की रेक्टस फेमोरिस संपला, पुढचं अंतर कमरेतून चोरलेलं आहे. दोन्ही बाजू करून बघा. एका बाजूला टाच टेकते आणि दुसरीकडे चार बोटं अंतर राहतं, असा फरक असेल तर तो खरा. वाकवताना वाटीतच दुखायला लागलं तर तिथेच थांबा, ती आखडलेली मांडी नव्हे.

हॅमस्ट्रिंगसाठी उताणं झोपून मांडी जमिनीला काटकोनात उभी धरा आणि गुडघा सरळ करत जा. पूर्ण सरळ होण्याच्या बऱ्याच आधी मागून खेचलं तर आखडलंय. घोट्यासाठी भिंतीपासून वीतभर मागे पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. जमत नसेल तर पाऊल पुढे सरकवत कुठे जमतं ते बघा. दुखऱ्या पायाचं अंतर दुसऱ्यापेक्षा खूप कमी निघालं तर पोटरीवर काम आहे.

पायरीपायरीने
बुधवार, रात्री ९.५०

नवऱ्याला कामाला लावलं. डावी टाच आरामात टेकते. उजवीला खुबा उठतो आणि तरीही टाच वर राहते. हॅमस्ट्रिंग दोन्ही बाजूंनी मध्यम. घोटे ठीक.

पण मी पाय मागे धरून उभी राहते तेव्हा उजव्या मांडीत ताण जाणवतच नाही, वाटीवरच दाब येतो. मग चूक कुठे होते आहे?

पोटरी_ते_खुबा
गुरुवार, दुपारी १.४०

हे विचारलंत ते बरं झालं, कारण बागेत, टेकडीवर, नदीपात्रात दहातले सात जण हा ताण तसाच करतात. पाऊल बोटांपाशी पकडतात, खेचून टाच कुल्ल्याला चिकटवतात, आणि त्या भरात गुडघा पुढे येतो, कंबर आत वळून पोट पुढे जातं. खुबा वाकला की रेक्टस फेमोरिस वरच्या टोकाला सैल पडतो. खाली गुडघा मात्र पूर्ण दुमडलेला, म्हणजे सगळा दाब वाटीवर. ताणायचा तो स्नायू मोकळा आणि जपायचा तो सांधा दाबलेला.

असं करा. दुखऱ्या बाजूचा पाय वर येईल अशा कुशीवर झोपा. खालचा गुडघा छातीकडे घेऊन हाताने धरा, म्हणजे कंबर वाकडी होणार नाही. वरच्या पायाच्या घोट्याला टॉवेल किंवा जुनी ओढणी अडकवा. गुडघा काटकोनाच्या जरा पुढेपर्यंतच दुमडा, टाच कुल्ल्याला लावायची नाही. आता त्या पायाचा खुबा मागे न्या, गुडघा शरीराच्या रेषेच्या मागे गेला पाहिजे. माकडहाड आत घ्या. ताण मांडीच्या वरच्या अर्ध्या भागात, खिशाच्या खाली आला की जमलं. वाटीपाशी आला तर गुडघा थोडा सोडा आणि खुबा आणखी मागे न्या. तीस सेकंद पुरतात. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात हॅमस्ट्रिंगसाठी तीस आणि साठ सेकंदांत काही फरक पडला नव्हता.

हा झाला धरून ठेवायचा ताण, तो रात्री. सकाळी पर्वतीला जाण्याआधी हलता. ओट्याला किंवा भिंतीला हात, पाय खुब्यातून थोडा मागे, आणि टाच स्वतःच्या ताकदीने कुल्ल्याकडे आणायची, क्षणभर थांबायचं, सोडायची. झटका नाही, हाताने धरणं नाही. दहा-बारा वेळा. मग उताणं झोपून मांडी उभी धरून गुडघा सरळ-वाकडा, तेवढाच.

पट्टा_वीट_लोड
गुरुवार, दुपारी २.१०

कंबर वळू नये म्हणून खालचा पाय छातीशी धरायचा, हे अगदी आमच्या वर्गातलं वाटलं. मग वीरासनाबद्दल काय म्हणता?

पोटरी_ते_खुबा
गुरुवार, रात्री ८.३०

वीट घालून, वाटीत न दुखता बसता येत असेल तर खुशाल बसा. पण दुखऱ्या काळात ताईंनी त्यापासून सुरुवात करू नये. त्यात गुडघा पूर्ण दुमडतो आणि खुबा वाकलेलाच राहतो, म्हणजे आत्ता त्यांना जे नको आहे ते जास्त आणि जे हवं आहे ते कमी. दुखणं थांबल्यावर तुमच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, उंच लोडावरून.

वेताळटेकडीवाला
गुरुवार, रात्री ९.०५

बरं, स्ट्रेचिंगचं मान्य. पण दुखणं जाणार ते ताकदीनेच ना?

पोटरी_ते_खुबा
गुरुवार, रात्री १०.२०

हो, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. नुसतं ताणून हे दुखणं गेलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमतात आणि २०१९ च्या अमेरिकन फिजिओथेरपी मार्गदर्शक तत्त्वांत एकच गोष्ट ठासून सांगितली आहे: गुडघा आणि खुबा, दोन्हीकडच्या स्नायूंचे व्यायाम एकत्र. खुब्याकडे आपल्याकडे कोणी बघतच नाही. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की पायरी उतरताना मांडी आत वळते, आणि वाटीखालची खोबणीच सरकते.

यंत्रांचा शेक, अल्ट्रासाउंड, करंट यांची शिफारस त्या दोन्हींत नाही. टेपिंग, म्हणजे वाटीला चिकटपट्टीचा आधार, करून घ्यायला हरकत नाही. जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये ती पद्धत मांडली. सुरुवातीचे काही आठवडे दुखणं कमी राहून व्यायाम करता यावेत एवढ्यापुरती ती चांगली.

व्यायामांत मी सुरुवातीला कुशीवर झोपून पाय वर उचलणं, सेतू (उताणं झोपून कंबर उचलणं) आणि भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक देते. बैठक काटकोनापर्यंत नको, गुडघा पंचेचाळीस अंशांच्या आत ठेवा. उभं राहून वजन घेताना वाटीवरचा दाब तिथपर्यंत आटोक्यात असतो. मग घरातल्या पाटावर चढ-उतर. आरसा समोर ठेवा. पाटावरून दुसरं पाऊल हळू खाली टेकवताना दुखऱ्या पायाचा गुडघा अंगठ्याच्या आत जातो का बघा. गेला तर पाट बाजूला, खाली जाड पुस्तक ठेवा. आत जाणारा गुडघा घेऊन वजन वाढवू नका.

दुखण्याचा नियम: दहापैकी दोन-तीनपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं झालं पाहिजे. नाही झालं तर आदल्या दिवशीचा डोस जास्त होता. पर्वती सोडू नका, पण सध्या एका वेळी निम्म्या पायऱ्या, आणि उतरताना कठड्याला हात. तीन महिने धरून चला. हे दुखणं पहिल्या पंधरा दिवसांत हलकं वाटलं की लोक व्यायाम सोडतात. पाच-आठ वर्षांनी पुन्हा विचारलेल्या पेशंटांत अर्ध्याहून अधिक लोकांची तक्रार टिकून होती, असाही अभ्यास आहे.

आकडेमोड
शुक्रवार, सकाळी ९.३०

ताणून लवचिकता वाढते तेव्हा स्नायू खरंच लांब होतो का? मी वाचलं होतं की बराचसा फरक ताण सहन करण्याच्या क्षमतेत असतो.

पोटरी_ते_खुबा
शुक्रवार, सकाळी ११.१०

काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगबाबत तसंच मानतात. मेंदू ताणाला कमी घाबरतो, म्हणून पाय पुढे जातो. पेशंटच्या दृष्टीने मला दोन्ही चालतं, खुबा न उचलता टाच जवळ आली म्हणजे झालं.

सांगवीची_सून
शुक्रवार, दुपारी १२.४५

सासूबाई अडुसष्टच्या. गुडघा पुढून दुखतो, पण त्यांना उताणं-पालथं होऊन जमिनीवरून उठता येत नाही. माझा भाचाही आहे, तेरा वर्षांचा, फुटबॉल खेळतो, वाटीच्या खाली टेंगूळ आलंय. दोघांनाही हेच व्यायाम चालतील?

पोटरी_ते_खुबा
शुक्रवार, रात्री ९.००

दोघांचं वेगळं आहे, ताई. सासूबाईंच्या वयात पुढून दुखण्यामागे संधिवात असू शकतो, एकदा साधा उभ्याने काढलेला एक्स-रे आणि तपासणी होऊ द्या. तोवर पलंगावर झोपून पाय सरळ उचलणं, आणि ओट्याला दोन्ही हात धरून टाच मागे आणायचा हलता ताण. ओटा ओला नको, पायात घसरणारी चप्पल नको. खुर्चीतून उठताना उंच खुर्ची द्या.

भाच्याचं टेंगूळ म्हणजे वाढीच्या वयातला ऑसगुड-श्लॅटर नावाचा त्रास असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे मांडी जोरात ताणली तर त्याच जागी ओढ बसते. बालरोगतज्ज्ञ किंवा ऑर्थोंना दाखवा. आणि तो लंगडत असेल किंवा खुबा आत वळवताना दुखत असेल तर लगेच दाखवा. या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि सगळे गुडघाच बघत बसतात.

सगळ्यांसाठीच: गुडघा अचानक सुजला, अडकला, पायाखालून निसटला, रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखला किंवा ताप आला, तर धागे वाचत बसू नका.

ढोलवाली_कसबा
शुक्रवार, रात्री ९.४०

सरावाआधी हलता ताण करवून घेतला, ताशावाल्या दादांना पटायला वेळ लागला. सगळ्या पोरी एका रांगेत टाचा मागे मारताना बघून पुलावरून माणसं थांबली होती. ढोल बांधल्यावर गुडघे किती वाकवायचे?

पोटरी_ते_खुबा
शुक्रवार, रात्री १०.१५

मागे ताठ करून कुलूप लावायचं नाही, एवढंच. अगदी किंचित सैल. आणि पट्टा खुब्याच्या हाडांवर येईल असा बांधा, पोटावर नाही, म्हणजे मागे झुकावं लागणार नाही. मध्ये ढोल उतरवून चाला.

पायरीपायरीने
शनिवार, सकाळी ७.३०

शेवटचा प्रश्न. रविवारी ऑफिसचा ग्रुप सिंहगडला जातोय, आतकरवाडीहून पायवाटेने. जाऊ का?

वेताळटेकडीवाला
शनिवार, सकाळी ७.५०

चढा. वर पिठलं-भाकरी आणि ताक घ्या. उतरायला ग्रुपला पायवाटेने सोडा आणि तुम्ही शेअर जीपने खाली या. फिजिओबाईंना विचारलंत तर त्याही हेच सांगतील.

पोटरी_ते_खुबा
शनिवार, सकाळी ८.२०

हेच सांगते. चढणही एका दमात नको, थांबत जा. दोन काठ्या न्या. आणि गाडी आतकरवाडीला लावणार असाल तर जीप नेमकी कुठे सोडते ते वरच विचारून घ्या, नाहीतर डांबरी उतारावरून पायपीट करत गाडीपर्यंत यावं लागेल.